नऊ विजय आणि एक नकार

खेळाचे वृत्त हाती आले की, आपली दृष्टी प्रथम आकड्यांकडे वळते. कोण जिंकले, कोण हरले, किती गुणांनी हरले, एवढे समजले म्हणजे सारे काही समजले, असे आपणांस वाटते. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु काही हंगाम असे असतात की, त्यांचा इतिहास गुणफलकावर मावत नाही. अमेरिकेत, पॅसिफिक महासागराच्या काठी वसलेल्या सॅन फ्रान्सिस्को नगरातील एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा इ. स. १९५१ चा हंगाम हा अशांपैकी एक होय. हा संघ नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. इतके निर्भेळ यश मिळविणाऱ्या संघाला वर्षअखेरच्या मानाच्या सामन्याचे निमंत्रण यावे, हे ओघानेच आले. पण सन्मानाच्या त्या पंगतीत या संघाचे पान मांडले गेले नाही. ते का मांडले गेले नाही, आणि त्या प्रसंगी संघातील तरुण कसे वागले, हे या पाठात पाहावयाचे आहे.

प्रथम या खेळाची थोडी ओळख करून घेऊ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो पायाने खेळावयाचा खेळ. अमेरिकेतील फुटबॉल त्याहून अगदी निराळा. त्यातील चेंडू वाटोळा नसून दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि तो बहुधा हातांनीच खेळविला जातो. एका गोलरेषेपासून दुसऱ्या गोलरेषेपर्यंत मैदानाची लांबी शंभर यार्ड असते. दोन्ही बाजूंचे अकरा अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. ज्या बाजूकडे चेंडू असेल तिला चार प्रयत्न मिळतात, आणि या चार प्रयत्नांत तिने किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. तेवढे साधले तर पुन्हा नवे चार प्रयत्न. न साधले तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन. अशी तसूतसूने भूमी जिंकीत प्रतिपक्षाची गोलरेषा ओलांडली म्हणजे त्यास 'टचडाऊन' म्हणतात आणि त्याचे सहा गुण मिळतात.

चेंडू घेऊन धावणाऱ्याला मिठी घालून, धडक देऊन किंवा पाय धरून खाली पाडावयाचे, हा प्रतिपक्षाचा डाव. आपल्या हुतूतूत चढाईच्या गड्याला चोहोंकडून घेरून धरतात, तसाच हा प्रकार. मात्र येथील धडका फार जोराच्या असतात, म्हणून खेळाडू डोक्यास शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड गाद्या बांधून मैदानात उतरतात. धावणाऱ्या गड्याला टाळ्या मिळतात, त्याचे नाव वृत्तपत्रांत झळकते. पण त्याच्यासाठी वाट मोकळी करून देणारे पुढच्या फळीतील गडी धुळीतच राहतात. त्यांनी अंगावर धडका झेलल्या नाहीत, तर सर्वांत चपळ धावपटूही दोन पावले पुढे जाऊ शकणार नाही. एकाच्या यशाचा भार दहाजणांच्या खांद्यांवर असतो, ही गोष्ट या खेळात जितकी उघड दिसते तितकी क्वचितच दुसऱ्या खेळात दिसत असेल. पुढील हकीगत वाचताना ती ध्यानात ठेवावी.

महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम त्या काळी सप्टेंबरात सुरू होऊन बहुधा नोव्हेंबरच्या अखेरीस संपत असे. आठवड्यास एक, याप्रमाणे प्रत्येक संघ नऊ-दहा सामने खेळे. देशात महाविद्यालये शेकडो. त्या सर्वांतून एकच विजेता निवडणारी स्पर्धा तेव्हा नव्हती. वार्ताहर आपल्या मतांनी संघांची क्रमवारी लावीत, आणि हंगाम सरल्यावर निवडक संघांना खास सामन्यांसाठी बोलावणे जाई. या सामन्यांना 'बाऊल' असे नाव होते. बाऊल म्हणजे वाडगा. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे वाडग्याच्या आकाराचे 'रोझ बाऊल' नावाचे भव्य क्रीडांगण आहे. तेथे नववर्षदिनी होणाऱ्या सामन्यावरून हे नाव रूढ झाले. मायामीचा ऑरेंज बाऊल, न्यू ऑर्लीन्सचा शुगर बाऊल, जॅक्सनव्हिलचा गेटर बाऊल हे त्याच जातीचे दुसरे सामने. यांपैकी बऱ्याच सामन्यांत यजमान नगराची समिती आपल्या पसंतीप्रमाणे संघांना निमंत्रण धाडी. निमंत्रण येणे म्हणजे देशभर कीर्ती होणे, आणि त्याबरोबरच महाविद्यालयाच्या तिजोरीत भरघोस रक्कम पडणे.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला या दोन्हींची गरज होती. जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी इ. स. १८५५ मध्ये स्थापिलेली ही संस्था. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या शेजारच्या विख्यात विद्यापीठांच्या मानाने ती लहान. तिचे घरचे सामने नगराच्या केझार नावाच्या क्रीडांगणावर होत. त्याच क्रीडांगणावर इ. स. १९४६ पासून व्यावसायिक खेळाडूंचा एक संघही खेळू लागला होता, त्यामुळे प्रेक्षक वाटले गेले. फुटबॉलचा संघ पोसणे हे खर्चाचे काम. प्रवास, पोशाख, शिष्यवृत्त्या, प्रशिक्षकांचे वेतन हा सारा खर्च तिकिटांच्या उत्पन्नातून भागेना, आणि वर्षावर्षाला तोटा येऊ लागला. म्हणून १९५१ च्या हंगामात या संघाच्या शिरावर दोन ओझी होती. एक सामने जिंकण्याचे, आणि दुसरे आपल्या संस्थेतील फुटबॉल जगविण्याचे.

संघाचे प्रशिक्षक ज्यो कुहारिक हे कडक शिस्तीचे गृहस्थ. हंगामापूर्वी त्यांनी खेळाडूंना कॅलिफोर्नियाच्या अंतर्भागातील कॉर्निंग नावाच्या गावी सरावासाठी नेले. समुद्रकाठच्या सॅन फ्रान्सिस्कोची हवा थंड, तर कॉर्निंगचा उन्हाळा अंग भाजून काढणारा. त्या उन्हात धावून, पडून, पुन्हा उठून हे तरुण तयार झाले. संघाची वार्ता वृत्तपत्रांपर्यंत पोहोचविण्याचे काम पीट रोझेल या पंचवीस वर्षांच्या तरुणाकडे होते.

खेळाडू निरनिराळ्या थरांतून आलेले होते. जीनो मार्केटी हा इटलीहून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातला. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या रणभूमीवर लढून तो परतला होता. बॉब सेंट क्लेअर हा पावणेसात फूट उंचीचा. पुढच्या फळीत तो उभा राहिला म्हणजे प्रतिपक्षाला भिंतच आडवी आल्यासारखे वाटे. एड ब्राऊन हा 'क्वार्टरबॅक', म्हणजे चेंडू प्रथम हाती घेऊन डावाची सूत्रे हलविणारा गडी. आणि यांच्या जोडीला होते दोन मित्र, ऑली मॅटसन व बर्ल टोलर. मॅटसनचा जन्म टेक्ससमधला, टोलरचा टेनेसी संस्थानातील मेम्फिस नगरातला. दोघांचीही जन्मभूमी दक्षिणेकडची. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात दोघे एका संघात खेळले, आणि तेथून दोघेही या विद्यापीठात आले. मॅटसन शरीराने भरदार, तरीही धावण्यात वाऱ्याच्या वेगाचा. टोलरची जागा बचावात. प्रतिपक्षाचा धावपटू कोठून निसटू पाहतो, हे हेरून तो नेमका त्याच्या वाटेत उभा ठाके. संघात हे दोघेच कृष्णवर्णीय होते.

हंगामास जोमाने प्रारंभ झाला. सॅन होजे स्टेट महाविद्यालयाच्या संघास त्यांनी ३९-२ असे हरविले, आणि मग विजयामागून विजय मिळत गेला. परंतु पश्चिम किनाऱ्यावरील विजयांकडे पूर्वेकडचे वार्ताहर सहसा फिरकून पाहत नसत. त्यांच्या डोळ्यांत भरण्याची संधी ऑक्टोबरात आली. देशाचे एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कला, हा संघ फोर्डम विद्यापीठाशी खेळावयास गेला. या खेळात आरंभी, तसेच प्रत्येक टचडाऊननंतर, एक बाजू चेंडू लाथेने दूर उडविते आणि दुसरी बाजू तो झेलून धावत सुटते. त्या दिवशी मॅटसनने असा झेललेला चेंडू एकदा नव्हे, दोनदा, जवळजवळ संपूर्ण मैदान पार करून प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेला. फोर्डमचा संघही चिवटपणे झुंजला, पण अखेर ३२-२६ असा सॅन फ्रान्सिस्कोचा जय झाला.

नोव्हेंबर महिन्यात स्टॉकटन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकच्या संघाशी गाठ पडली. मोठ्या सामन्याचे निमंत्रण यावयाचे तर हा सामना जिंकलाच पाहिजे, असे सर्वत्र बोलले जात होते. सॅन फ्रान्सिस्कोने तो ४७-१४ असा, निर्विवादपणे जिंकला. २४ नोव्हेंबर रोजी लॉयोला विद्यापीठाशी शेवटचा सामना झाला, तो पॅसाडेनाच्या त्याच रोझ बाऊल क्रीडांगणावर. तो मानाचा रोझ बाऊल सामना नव्हे. केवळ क्रीडांगण तेवढे ते. तेथेही २०-२ असा विजय मिळाला. नऊ सामने पुरे झाले. पराभव एकही नाही, बरोबरीही एकही नाही. मॅटसनने या नऊ सामन्यांत १,५६६ यार्ड धाव घेतली आणि २१ टचडाऊन केले. त्या वर्षी देशातील कोणत्याही महाविद्यालयीन धावपटूला याहून अधिक साधले नाही. वार्ताहरांच्या अखेरच्या क्रमवारीत संघाला चौदावे स्थान मिळाले. आता सर्वांचे डोळे दक्षिणेकडून येणाऱ्या निमंत्रणाकडे लागले.

येथे त्या काळच्या अमेरिकेची स्थिती थोडी समजून घेतली पाहिजे. गुलामगिरी इ. स. १८६५ मध्ये कायद्याने नष्ट झाली. परंतु माणसाला विकावयाचे नाही, एवढे ठरल्याने त्याला बरोबरीने वागवावयाचे, हे ठरत नाही. दक्षिणेकडील संस्थानांत गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. उपाहारगृहे वेगळी, प्रतीक्षागृहे वेगळी, पिण्याच्या पाण्याचे नळसुद्धा वेगळे. पाणवठ्यावरही माणसामाणसांत रेघ ओढलेली असे, हे वाक्य वाचताना आपल्या देशातील मुलांना वेगळा खुलासा करून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडचा इतिहासही त्यांनी वाचलेला आहे.

ही रेघ क्रीडांगणावरही होती. दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांच्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंना थारा नव्हता. इतकेच नव्हे, तर समोरच्या संघात असा खेळाडू असला, तर त्याला न खेळविण्याची अट घालण्याची तेथे रीत होती. आणि याहून खेदाची गोष्ट अशी की, उत्तरेकडील कित्येक विद्यापीठे ही अट निमूटपणे मान्य करीत. आपला कृष्णवर्णीय खेळाडू घरी ठेवून बाकीचा संघ ती दक्षिणेला धाडीत. या लपूनछपून चाललेल्या तडजोडीला 'सभ्य माणसांचा करार' असे गोंडस नाव होते. त्यात सभ्यता किती होती, हे वाचकांनीच ठरवावे. इ. स. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने बेसबॉलच्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत प्रवेश मिळवून ही भिंत एका बाजूने खिळखिळी केली होती. परंतु मायामी, न्यू ऑर्लीन्स आणि जॅक्सनव्हिल ही नगरे दक्षिणेतील होती, आणि तेथे ती भिंत अजून उभी होती.

हंगामाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळाडूंपुढे प्रश्न आला तो असा. मोठ्या सामन्यास जाता येईल. मात्र मॅटसन आणि टोलर यांना मागे ठेवावे लागेल. ते दोघे येणार असतील, तर कोणालाच बोलावणे नाही.

आपल्याकडे जेवणाच्या पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे वाढणे, यास पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तो करणे हे मोठे पाप मानतात. येथे तर ज्यांच्या कष्टांवर पंगत मिळाली, त्यांनाच उंबऱ्याबाहेर ठेवून इतरांनी जेवावयास बसावे, अशी अट होती. इतर खेळाडू काही संत नव्हते. विशीतील तरुण होते. देशभर आपले नाव व्हावे, पुढे व्यावसायिक संघाने आपल्याला बोलवावे, असे त्यांनाही वाटत असणारच. अशी संधी आयुष्यात दुसऱ्यांदा येत नाही, हे त्यांना कळत होते. 'दोघांसाठी बाकीच्या सगळ्यांचे नुकसान का?' असा हिशेब कोणी मांडला असता, तर अंकगणिताच्या दृष्टीने तो चुकीचाही ठरला नसता. शिवाय, संस्थेच्या पैशाच्या अडचणीचे कारण तयारच होते. तडजोड करणाऱ्या माणसाला कारणांची वाण कधीच पडत नाही.

परंतु हिशेब मांडलाच गेला नाही. पुढे आयुष्यभर या खेळाडूंनी ज्या आठवणी सांगितल्या, त्यांत एका गोष्टीविषयी दुमत नाही. या प्रश्नावर फार चर्चा झाली नाही. दोघांना वगळून जावयाचे नाही. सारे जाऊ, नाही तर कोणीच जाणार नाही, असे त्यांचे उत्तर होते.

समित्यांनी वर्णाचे कारण कोठे जाहीर केले नाही. या संघाचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, असेही बोलले गेले. तथापि, ज्यांच्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडू आहेत अशांना दक्षिणेतील या समित्या बोलावू इच्छीत नाहीत, असे सॅन फ्रान्सिस्कोतील एका नभोवाणी-वार्ताहराने त्याच दिवसांत उघडपणे सांगून टाकले होते. १ जानेवारी १९५२ रोजी मायामीत ऑरेंज बाऊलचा सामना झाला, तो जॉर्जिया टेक आणि बेलर या संघांत. सॅन फ्रान्सिस्कोचा अपराजित संघ घरीच राहिला.

या नकाराचे मोलही भरावे लागले. निमंत्रणाबरोबर जी रक्कम आली असती, ती आली नाही. आणि तोटा सोसणे अशक्य होऊन हंगामानंतर विद्यापीठाने आपला फुटबॉल संघ बंद केला. आपल्या इतिहासातील सर्वोत्तम हंगामानंतर लगेच संघच उरू नये, हा दैवाचा केवढा विलक्षण खेळ! एका सामन्याच्या पैशाने तो कायमचा वाचला असता, असे म्हणता येत नाही, कारण अडचण जुनी होती. पण आशेचा जो एक धागा होता, तो तुटला. प्रशिक्षक कुहारिक एका व्यावसायिक संघाकडे गेले. सेंट क्लेअरचे शिक्षण अद्याप संपावयाचे होते. त्याला शेवटचे वर्ष खेळण्यासाठी दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरावी लागली.

संघ मोडला, पण माणसे मोडली नाहीत. मॅटसन १९५२ च्या उन्हाळ्यात हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत अमेरिकेकडून धावला. ४०० मीटरच्या शर्यतीत त्याने कांस्यपदक मिळविले आणि चारजणांच्या सांघिक शर्यतीत रौप्यपदक. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले होते. पुढे मॅटसनने व्यावसायिक फुटबॉलमध्ये एवढा लौकिक मिळविला की, इ. स. १९५९ मध्ये त्या एकट्यासाठी एका संघाने मोबदल्यात नऊजण देऊ केले. मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर या तिघांची नावे व्यावसायिक फुटबॉलच्या मानकऱ्यांत कायमची कोरली गेली आहेत. एकाच महाविद्यालयीन संघातून असे तिघे निघणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. प्रसिद्धीचे काम करणारा पीट रोझेल इ. स. १९६० मध्ये व्यावसायिक फुटबॉल संघटनेचा प्रमुख झाला आणि १९८९ पर्यंत त्या पदावर राहिला. ज्यांना एका सामन्याचे दार बंद झाले, त्यांनी त्या खेळाच्या मोठ्या वाड्यात अशी अनेक दारे उघडली.

टोलरच्या वाट्याला मात्र निराळेच आले. इ. स. १९५२ मध्ये शिकागो येथील एका सामन्यात त्याच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली, आणि एकही व्यावसायिक सामना खेळण्यापूर्वी त्याचे खेळणे संपले. दुसरा एखादा खचून गेला असता. टोलर शिक्षक झाला. मुलांना शिकविता शिकविता तो सॅन फ्रान्सिस्कोतील एका माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक झाला. त्या नगरात हे पद मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. खेळाशी त्याचे नाते तुटले नव्हते. इ. स. १९६५ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमध्ये पंच म्हणून त्याची नेमणूक झाली. तेथेही कृष्णवर्णीय पंच म्हणून तो पहिलाच. आठवडाभर शाळा, आणि सुटीच्या दिवशी मैदान, असा त्याचा क्रम वर्षानुवर्षे चालू होता. ज्याला एकदा रंगावरून खेळाबाहेर ठेवू पाहिले, तोच आता खेळात न्याय देणारा झाला.

या अवधीत काळही बदलत होता. इ. स. १९५६ च्या शुगर बाऊल सामन्यात पिट्सबर्ग विद्यापीठाकडून बॉबी ग्रायर हा कृष्णवर्णीय खेळाडू खेळला. त्याला विरोध झाला नाही असे नाही. परंतु त्याच्या सोबत्यांनी व विद्यापीठाने त्याची बाजू सोडली नाही. इ. स. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याने सार्वजनिक स्थळी वर्णभेद पाळण्यास बंदी झाली. भिंत एका धक्क्याने पडली नाही. अनेकांनी अनेक ठिकाणी तिला धक्के दिले, त्यांतील एक धक्का सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या तरुणांचा होता.

जानेवारी १९८० मध्ये व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना पॅसाडेनाच्या रोझ बाऊल क्रीडांगणावर झाला. त्या सामन्याच्या पंचांत बर्ल टोलर होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आपल्या अपराजित संघाचा शेवटचा सामना तो याच हिरवळीवर खेळला होता, आणि त्यानंतर त्याच्या संघाला कोणी बोलाविले नव्हते. आता त्याच क्रीडांगणावर, सर्वांत मोठ्या सामन्यात, त्याचा शब्द दोन्ही संघ मानीत होते. इ. स. २००९ मध्ये टोलरचे निधन झाले. इ. स. २०१७ मध्ये विद्यापीठाने आपल्या एका वसतिगृहास त्याचे नाव दिले. त्यासाठी विद्यार्थ्यांनीच आग्रह धरला होता.

मग या हंगामाचे मोल आपण कशाने करावे? नऊ विजयांसाठी बळ लागले, सराव लागला, शिस्त लागली. हे सारे शिकविता येते. कुहारिक यांनी ते कॉर्निंगच्या उन्हात शिकविलेही. परंतु त्या एका नकारासाठी जे लागले, ते कोणत्या सरावाने मिळते? मला वाटते, त्याचे बीज खेळातच होते. मॅटसनसाठी वाट करून देताना ज्यांनी रोज आपल्या अंगावर धडका झेलल्या, प्रतिपक्षाचा गडी निसटला तर मागे टोलर आहे, या विश्वासाने जे रोज उभे राहिले, त्यांना 'हे दोघे नकोत' हे शब्द ऐकताच ते आपल्याच शरीराचा एक अवयव कापून मागणारे वाटले असतील. मैदानावर जे सोबती, ते मैदानाबाहेरही सोबतीच, एवढा साधा अर्थ त्यांनी खेळातून घेतला होता.

त्या वर्षी ऑरेंज बाऊल कोणी जिंकला, हे आज ग्रंथात शोधावे लागते. ज्यांना तेथे बोलाविले नाही, त्यांची आठवण मात्र लोक आदराने काढतात. तुमच्याही वाट्याला असा क्षण कधी तरी येईल. एखाद्या संघाची निवड होत असेल, सहलीची यादी तयार होत असेल, एखाद्या घरी बोलावणे असेल. आणि कोणी हळूच सांगेल, 'तुम्ही सगळे या, फक्त त्याला आणू नका.' त्या वेळी नऊ सामने जिंकून घरी राहिलेल्या या संघाची आठवण ठेवा.

अभ्यास

१. अमेरिकेतील फुटबॉल आणि आपल्याकडे खेळला जाणारा फुटबॉल यांतील फरक चार-पाच वाक्यांत सांगा.

२. १९५१ च्या हंगामाच्या आरंभी संघाच्या शिरावर कोणती दोन ओझी होती? त्यांपैकी कोणते पार पडले, व कोणते पडले नाही?

३. 'तडजोड करणाऱ्या माणसाला कारणांची वाण कधीच पडत नाही.' या वाक्याचा पाठातील प्रसंगाच्या आधारे खुलासा करा.

४. 'सभ्य माणसांचा करार' या नावात लेखकाला कोणता उपरोध दिसतो?

५. 'पंक्तिप्रपंच', 'तसूतसूने', 'थारा नसणे' यांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.

६. खेळाडूंनी मोठ्या सामन्यास जाण्याचे ठरविले असते, तर मॅटसन आणि टोलर यांच्या मनात कोणते विचार आले असते? आपल्या शब्दांत लिहा.